रिकामा घोट

बाईंना जाऊन चार दिवस झाले होते. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. मी ओट्यापाशी दूध गाळत होते आणि आतल्या खोलीतून आवाज आला. टक, टक. खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटाचं पेर आपटावं तसा. दोनच वेळा.

अकरा वर्षं रोज याच वेळेला हा आवाज ऐकलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आलात का बाई? चहा टाकते हं." मग गाळणी हातातच राहिली. जिच्या उशाशी मी स्वतः फुलं ठेवून आले होते, तिला चहा विचारत होते.

आत गेले. खोलीत चिमणी एकटीच होती. डाव्या हाताची दोन बोटं कठड्यावर, नजर दाराकडे. तिनं मला बघितलं आणि तिची नजर माझ्या मागे गेली, तिथं कोणी उभं असल्यासारखी. मी वळून पाहिलं. दाराशी बाईंचे कापडी बूट होते, घरात घालायला म्हणून ठेवलेले, निळे, डाव्या अंगठ्याशी विरलेले. बाकी कोणी नाही.

चिमणी म्हणजे माझी धाकटी नणंद. वय सेहेचाळीस, पण लहानपणचं नाव चिकटलं ते चिकटलं. जन्माच्या वेळी तिचा श्वास अडकला होता. ती बोलत नाही, धरल्याशिवाय बसत नाही, हातपाय त्यांच्या मर्जीनं वळतात. तिच्या ताब्यात फक्त डाव्या हाताची ती दोन बोटं. कळतं मात्र सगळं. यांनी विनोद केला की माझ्या आधी हसते.

सासूबाई होत्या तोवर त्या तिला मांडीवर घेऊन दोन दोन तास भरवायच्या. जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "हिला घराबाहेर कुठं ठेवू नका." मी देवासमोर शब्द दिला. मग त्या गेल्या, चिमणीची हाडं दिसायला लागली आणि एका सकाळी रुग्णसेवा केंद्राकडून टकटकबाई आल्या.

हे नाव आमच्या जिन्यातल्या पोरांनी ठेवलेलं. बाई चिमणीला हात लावण्याआधी कठड्यावर दोनदा वाजवायच्या. कूस बदलायची असो, कपडे बदलायचे असोत की नुसते केस विंचरायचे असोत, आधी टक टक आणि मग, "येऊ का राणीसरकार?" मी पहिल्या आठवड्यात हसले होते. "बाई, खोलीचं दार उघडंच आहे की."

"दाराचं नाही हो वहिनी," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगाला कडी नाही ना. म्हणून मी वाजवते."

मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं.

बाई अंगानं बारक्या, खांद्यात रुंद, नखं पार मांसापर्यंत कापलेली. आल्या आल्या कोमट पाण्यात हात धरून उभ्या राहायच्या, थंड हात लागू नये म्हणून. दर दोन तासांनी कूस. पाठीला, टाचांना, कोपरांना तेल. बसमधल्या सगळ्या भानगडी त्या चिमणीला सांगायच्या. कंडक्टर आणि खिडकीजवळची ती चष्मेवाली यांचं काहीतरी चाललंय, या एका गोष्टीवर दोघींनी अख्खा हिवाळा काढला. "आज बोलली गं ती! काय बोलली सांगू? 'सुट्टे नाहीत' म्हणाली!" आणि चिमणी अशी खिदळायची की मला समोरच्या खोलीत माळ थांबवावी लागायची.

आता त्याच खोलीत कोणी हसत नव्हतं. बाई रविवारी गेल्या, घरी, छातीत दुखून, दुपारची भांडी आवरता आवरता. सोमवारपासून चिमणीनं तोंड मिटलं. चमचा नेला की दात घट्ट. उघडलंच तर घास जिभेवर तसाच राहायचा आणि कडेनं ओघळायचा, नाहीतर भलतीकडे जाऊन ती निळी पडेपर्यंत खोकायची.

सहाव्या दिवशी डॉक्टर आले. हातातून सलाईन लावलं. तिचं वजन पाहिलं आणि यांना बाजूला घेऊन म्हणाले, "दहा दिवस बघू. नाहीतर पोटाला छेद देऊन नळी बसवावी लागेल. आणि खरं सांगतो, ते घरी निभावणार नाही तुम्हाला. टेकडीवरच्या निवासी केंद्रात जागा आहे सध्या."

यांची कंबर दोन वर्षांपासून गेलेली, माझं वय साठ. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "तिथं चांगलं बघतात म्हणे."

"आईंना काय सांगितलं होतं आपण?"

"अगं, आईला दिलेला शब्द इतकी वर्षं टकटकबाईंमुळेच निभला ना?" हे म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. उलटं.

खरंच, शब्द मी दिला होता आणि तो पाळत होतं दुसरंच कोणी.

या डॉक्टरांचीच एक गोष्ट मला त्या दिवसांत सारखी आठवायची. तीन वर्षांपूर्वी ते चिमणीला तपासायला आले होते. तिला पालथी करून पाठ बघितली, टाचा बघितल्या आणि थक्क झाले. "इतकी वर्षं अंथरुणात आणि एकही जखम नाही? मोठ्या दवाखान्यांना जमत नाही हे. कोण करतं?" बाई दाराशी पाण्याचं घमेलं घेऊन उभ्या होत्या. आणि मी म्हणाले, "देवाची कृपा."

मी खोटं बोलले नव्हते. माझी श्रद्धा आहे ती. पण डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि ते श्रेय मी घेतलं. संध्याकाळी बूट बदलताना बाई म्हणाल्या, "वहिनी, देवाला एक निरोप द्याल का? उद्या मला यायला तासभर उशीर आहे. तेवढं नऊ वाजता डाव्या कुशीवर करून घे म्हणावं." आणि हसत जिना उतरल्या. मीही हसले होते. आता त्यांचे ते बूट ओलांडून आत जाताना रोज ते हसू मला टोचायचं. बूट उचलून ठेवावेत असं दोनदा मनात आलं. हात पुढे झाला नाही.

सातव्या दिवशी केंद्रानं नवी मुलगी पाठवली. पंचविशीची असेल, कामाला चोख. तिनं काही चुकवलं नाही. उशा लावून चिमणीला नीट बसवलं, चपटा चमचा घेतला, घास छोटा, घाई नाही. खाटेच्या कडेवर बसून गोड आवाजात "आ कर बरं ताई, आ" म्हणत राहिली. चिमणीनं तिच्याकडे बघितलंही नाही. मुलगी रडवेली झाली.

"काकू, आधीच्या बाईंनी काही लिहून ठेवलंय का? त्या कसं भरवायच्या?"

"त्या कुठल्या लिहितायत," मी म्हणाले. "लिहिते मी."

बोलले आणि थबकले. खरंच की. मी रोज वही लिहिते. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे, प्रार्थना झाली की अर्धं पान. बाईंच्या काळातल्या अकरा वह्या कपाटात होत्या. मी त्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि चष्मा पुसून बसले. कुठंतरी असणारच, मला वाटलं. अकरा वर्षांत एखादी ओळ तरी.

दुपार झाली, चहाची वेळ टळली. माझ्या वह्यांत सगळं होतं. यांचा खोकला होता, गच्चीवरच्या टाकीची गळती होती, किती माळा झाल्या ते होतं, कोणासाठी काय मागितलं ते होतं. आणि बाई? "बाई आली." "बाई आली." "बाई पाच मिनिटं उशिरा." "बाईची रजा." "बाई आली." पानंच्या पानं. घड्याळाची नोंद ठेवावी तशी माझ्या घरातल्या एका माणसाची नोंद मी ठेवली होती.

आणि दर आठवड्याला आणखी एक ओळ. "आज रविवार. चिमणीचा उपास."

ही आमच्या घरातली गंमत होती. रविवारी बाईंना सुट्टी. मी भरवायचे आणि चिमणी दोन चमच्यांवर तोंड फिरवायची. नंतर चोचीच्या भांड्यानं दूध पाजायचं, तेही निम्मं गळ्याखालच्या रुमालात. हे म्हणायचे, "आमची चिमणी तुझ्यापेक्षा भाविक निघाली, दर रविवारी निरंकार." मला ते आवडायचं सुद्धा. देवाला कळतं, ती आपल्या परीनं पाळते, असं मी चक्क लिहून ठेवलेलं सापडलं. ती उपाशी राहत होती. अकरा वर्षं, प्रत्येक रविवारी, ती उपाशी राहत होती आणि मी तिच्या नावावर पुण्य मांडत होते.

वही मिटली. थोड्या वेळानं पुन्हा उघडली, कारण चौथ्या वर्षाच्या वहीत एक ओळ जरा लांब होती. "बाईला भरवताना देवाचं नाव घ्यायला सांगितलं. नाही म्हणाली."

तो दिवस मला लख्ख आठवला. भरवताना बाई एक अक्षर बोलायच्या नाहीत. एरवी इतकी बडबड, आणि वाटी हातात आली की दगड. मला ते खटकायचं. अन्न पोटात जाताना कानांवर चार पवित्र शब्द पडावेत, ही माझी शिकवण. मी स्वतः रविवारी भरवताना अखंड म्हणत असायचे. म्हणून बोलले, "बाई, घटकाभर देवाचं नाव घेतलंत तर जिभेला फोड येणार आहेत का?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. "जेवण झालं की म्हणेन वहिनी, हवं तितकं. जेवताना नको." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्याचं एक कारण आहे. मी पहिल्यांदा कामाला लागले ना, मुलांच्या केंद्रात, तिथं..."

"नंतर सांगा हं," मी म्हणाले, "माझी प्रार्थनेची वेळ झाली."

नंतर मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी खोली पुसताना मला खळगे दिसले. चिमणीच्या खाटेसमोर रबरी चटई आहे. तिच्यावर तीन खळगे पडलेले, बोटाचं टोक बसेल एवढे. बाईंचं तीन पायांचं बुटकं स्टूल. नव्या मुलीनं ते भिंतीशी सारलं होतं, त्यावर सलाईनच्या बाटल्या होत्या. मी बाटल्या उतरवल्या, स्टूल आणलं आणि पाय खळग्यांत ठेवले. कुलपात किल्ली बसावी तसे बसले. आजवर त्या स्टुलावर मी कधीही बसले नव्हते.

बसले. आणि चिमणी, जी आठ दिवस माझ्या मागे बघत होती, तिनं नजर खाली आणली. स्टूल इतकं बुटकं की तिला मान जराशी झुकवूनच बघावं लागत होतं. मला वाटलं ती माझ्या तोंडाकडे बघतेय. पण नाही. ती बघत होती माझ्या गळ्याकडे. डोळे ताणून, आंधळ्या माणसानं चाचपावं तसं. माझ्या गळ्याला सहा वर्षांपासून सुती रुमाल असतो. गाठीचं ऑपरेशन झालं त्याची खूण आहे, आडवी, कानापासून कानापर्यंत वाटावी अशी. आरशासमोर सुद्धा मी रुमाल सोडत नाही. चिमणी त्या रुमालात कुणाला तरी शोधत होती.

"काय गं? काय बघतेस?" मी विचारलं.

तिनं बोटांनी कठडा वाजवला. टक, टक. मला काही कळेना. मी घाबरून सगळ्या प्रार्थना एकापाठोपाठ एक म्हणायला लागले. तिनं डोळे मिटून घेतले.

अकराव्या दिवशी मी बाईंचे बूट एका पिशवीत घातले. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा जमलं. त्यांची लेक एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करते एवढं माहीत होतं. वस्तू परत करायला जातेय असं यांना सांगितलं. देवाला मात्र खरं सांगितलं, की मी विचारायला जातेय.

धुलाईघर तळघरात होतं. वाफ इतकी की समोरचं माणूस पुसट दिसावं. लांब टेबलाच्या टोकाला कोणीतरी पाठमोरी बाई चादर झटकत होती, खांद्यात रुंद, अंगानं बारकी. मी दाराशीच थांबले. तिनं तोंड फिरवलं तेव्हा श्वास सुटला. लेक होती.

"बसा ना काकू. उभ्या का? आई सांगायची तुमचं."

"काय सांगायच्या?"

"हेच, वहिनी फार देवाच्या आहेत म्हणून." ती हसली. हसणं आईचंच. "टोमणा नव्हता हं."

मी पिशवी पुढे केली. तिनं आत डोकावून पाहिलं आणि हात मागे घेतला. "हे तुमच्याकडंच राहू देत. तिथंच घालायची ती. घरी हे बूट कुणाला ओळखीचेच नाहीत."

मग मी सांगितलं. चिमणी जेवत नाही, पाच दिवस उरलेत, मग नळी, मग टेकडी. "तुझी आई भरवायची कशी, तुला काही माहीत आहे का गं?"

लेकीनं इस्त्री उभी केली.

"आईसमोर जेवायला बसायची आम्हाला चोरी व्हायची काकू. आपण घास घेतला की ती समोर बसून रिकामा घोट गिळायची. तिचं ताट तसंच. आपण चावतोय, ती बघतेय, आणि आपण गिळायच्या जरा आधी तिचा गळा वर खाली. बाबा चिडवायचे, 'अगं, ताटात वाढलंय ते जेव, हवेत काय जेवतेस?' तिला कळायचंही नाही. कामाची सवय म्हणायची. शेवटी शेवटी घसा दुखायचा तिचा. दिवसभर कोरडं गिळायचं म्हणजे काय."

"पण कशासाठी?"

"जी माणसं ऐकून करू शकत नाहीत, ती बघून करतात म्हणे. गिळ म्हटलं तर गिळता येत नाही. समोरच्याचा गळा हलला की आपोआप हलतो. कुणी शिकवलं नव्हतं तिला." मग तिनं इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "तिला पहिली नोकरी मुलांच्या केंद्रात होती. सहा वर्षांची एक मुलगी होती तिच्याकडे. आईची फार लाडकी. एक दिवस भरवता भरवता आई तिला गोष्ट सांगत होती, माकडाची. आवाज काढून. पोरगी हसली. घास तोंडात होता."

वाफेच्या यंत्रानं मोठा सुस्कारा सोडला.

"गेली?"

"आईच्या हातावर. सगळे म्हणाले, तुझी चूक नाही. अपघात म्हणून लिहिलं. आई त्यानंतर कोणाच्या जेवणात एक शब्द बोलली नाही. आमच्याही. आमच्या घरात जेवताना नुसता भांड्यांचा आवाज. ती मुलगी समोर बसलेली असते म्हणायची. रोज. 'तिचा घास उतरला का बघते, मग दुसऱ्याला देते,' असं म्हणायची."

माझ्या डोळ्यांसमोर चिमणीच्या खोलीचं दार आलं, चौथ्या वर्षातलं. वाटी खाली ठेवलेली. "तिथं..." म्हणून थांबलेल्या बाई. आणि माळ उचलून निघालेली मी.

परतताना बसमध्ये कंडक्टर सुट्टे मागत होता. खिडकीजवळ चष्मा लावलेली एक बाई होती. मी तिच्याकडे इतका वेळ बघत राहिले की ती उठून दुसरीकडे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मुलीला म्हणाले, "आज तू दाराशी उभी राहा. बोलू नकोस. मीही बोलणार नाही." बूट पुन्हा त्यांच्या जागी ठेवले होते. हात कोमट पाण्यात धरले. आठ वाजून दहा मिनिटांनी आतून आवाज आला. टक, टक.

मी आत गेले आणि कठड्यावर उलट वाजवलं. टक, टक. चिमणीचा चेहरा गर्रकन माझ्याकडे वळला.

स्टूल खळग्यांत होतं. मी बसले आणि गळ्याचा रुमाल सोडला. सहा वर्षांनी त्या खुणेला वारा लागला. नव्या मुलीनं नजर वळवली असावी, मी बघितलं नाही. चिमणीनं वळवली नाही. तिचे डोळे त्या खुणेवरून सरकत खाली आले, गळ्याच्या घाटीवर येऊन थांबले.

वाटीत गाजराचं दाट सूप होतं. चमचा उचलला आणि चाळीस वर्षांची सवय घशाशी आली. ओठांपर्यंत नाव आलं. मी ते आत दाबलं. इतकं कठीण काम मी देवासाठी सुद्धा केलेलं नाही. आणि मग कळलं की मी दर रविवारी काय करत होते. मी अखंड पुटपुटायचे, गळा अखंड हलायचा, आणि गेली सहा वर्षं त्यावर रुमालही. ती बिचारी त्या गोंधळात आपला घोट शोधत बसायची.

चमचा जिभेवर टेकवला. थांबले. तोंड कोरडं पडलं होतं तरी गिळलं. सूप तिच्या हनुवटीवरून ओघळलं.

दुसरा चमचा. गिळलं. ओघळलं. तिचे डोळे हलले नव्हते.

तिसऱ्या वेळी मी गिळलं आणि तिच्या गळ्यात काहीतरी उठलं. वर गेलं. तिथं थांबलं. माझा जीव त्याच्याबरोबर वर गेला होता. मग ते खाली आलं. खोकला नाही, काही नाही. तोंड रिकामं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या गळ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख होती, माझी नव्हे. मला रडू आलं तरी रडता येईना. रडताना गळा चुकीचा हलतो.

त्या सकाळी अर्धी वाटी गेली. पाऊण तास लागला. नवी मुलगी शेवटपर्यंत दाराला टेकून होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काकू, तुमच्या मागे कुणी उभं आहे असं वाटत होतं मला." मी तिला रागावले नाही. दुपारी तिलाच स्टुलावर बसवलं. ती हाताची लवचिक आहे, गळ्यानं अजून घाई करते.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी नळीचा कागद फाडला. वजन बघून म्हणाले, "कमाल आहे. काय केलंत काय?"

मी सांगितलं. बाईंचं, स्टुलाचं, गळ्याचं सगळं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पाठीबद्दल विचारलं होतं ते कोणाचं काम होतं, तेही सांगितलं. डॉक्टर मान हलवत होते आणि फोन वाजला. "हो हो, निघालोच," म्हणत ते जिन्याकडे गेले. मी जिन्याच्या कठड्याला धरून वाकून सांगत राहिले. खालचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं. बाईंचंही असंच राहिलं असेल त्या दिवशी.

म्हणून आज अर्ध्याऐवजी इतकी पानं लिहिली. बाई आल्यापासूनची बारावी वही आहे ही.

आता रविवारी चिमणी जेवते. तिचा उपास सुटला. पण आठ दहाला ती कठडा वाजवते आणि आधी दाराकडे बघते, बुटांकडे. क्षणभरच. मग माझ्याकडे. रोज तो क्षण मला तिच्या खाटेपाशी उभं राहून सोसावा लागतो. कधीतरी तो येणार नाही असं वाटलं होतं. येतो.

काल दुपारी हे आणि मी टेबलाशी जेवत होतो. यांचं निम्मं जेवण झालं होतं. हे थांबले आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागले.

"काय झालं?"

"अगं, तुझं ताट तसंच आहे," हे म्हणाले. "मघापासून माझ्या घासाकडे बघून काय गिळतेयस?"

मी गळ्याला हात लावला. तो अजून हलत होता.